कॉन्ड म्हणे हळू चालतो

अजून आठवलं की डोकं फिरतं. नाशिकला इंजिनिअरिंगला होतो, कॉम्प्युटर लॅबमध्ये बूट बाहेर काढून जायचे ते दिवस. लिस्प भाषेच्या प्रॅक्टिकलला मी कांद्याची प्रतवारी करणारा प्रोग्राम लिहिला. कांद्याच्या बाजाराचं गाव विंचूर, तिथला मी, दुसरं काय लिहिणार? लिस्पमधली कॉन्ड ही आज्ञा वापरून एकाखाली एक अटी लिहिल्या: मोठा, मध्यम, लहान तो गोल्टी, अगदी बारीक ती चिंगळी. कुणालाही वाचता येईल असं.

लॅबचे सर म्हणाले, "कॉन्ड हळू चालतो. इफमध्ये इफ घाल."

"सर, पण वाचायला..."

"वाचायचंय कुणाला? कॉम्प्युटरलाच ना?"

घातले इफमध्ये इफ, एका अटीच्या पोटात दुसरी. शेवटी नुसती कंसांची रांग लागली.

परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून आलेले एक्स्टर्नल स्क्रीनकडे बघतच राहिले. "हे वाचणार कोण? कॉन्ड का नाही वापरला?"

"सर, तो हळू चालतो."

"कुणी सांगितलं? आत त्याचे इफच होतात. वेग तोच."

मी आमच्या सरांकडे बघितलं. तर ते एक्स्टर्नलना म्हणतात, "कानीकपाळी ओरडून सांगतो सर, ही पोरं ऐकतच नाहीत."

मी तोंड उघडणार तोच मला म्हणाले, "जा, सरांना चहा सांगून ये."

मार्क त्यांच्याच हातात होते. गेलो मुकाट. वर आमच्या सरांसाठीही एक सांगितला.