आमच्या टीव्हीला आवाज नाही

—नाही हो, तसं बिघडलेलं काही नाही, म्हणजे बिघडलंय, पण तसं नाही — तुम्ही बसा आधी. बॅग तिथे ठेवा, वायरींवर पाय नको, ती निळी आहे ना, तिच्यावर तर मुळीच नको, ती ह्यांनी फूटपट्टी लावून सरळ चिकटवलीय. हसू नका! आमचे हे जन्मभर इमारतींचे नकाशे काढायचे, वाकडी वायर बघवत नाही त्यांना. आत्ता बाजारात गेलेत, आणखी एक वायर आणायला. तुम्हाला आमच्या लेकीने पाठवलं ना? तरी म्हटलं! मीच फोनवर सहज बोलून गेले, टीव्हीला आवाज येत नाही गं — झालं, तिकडे बसून तिने इकडे मेकॅनिक धाडला. बापासारखीच उतावळी आहे.

हा बघा, टीव्हीखालचा. एवढासा डबा, पण कॉम्प्युटर आहे हो, लेकीच्या ऑफिसात भंगारात निघाला होता. हे म्हणाले, टाकू नकोस, आपण ह्याचं घरच्या घरी थेटर करू, सगळे जुने सिनेमे त्यात भरू, डबा चालवायला लिनक्स घालू, ते फुकट असतं. मी म्हटलं, फुकट ते पौष्टिक, घाला! आणि कामं वाटून घेतली — हे वाचणार आणि मी टाइप करणार. मी कचेरीत टायपिस्ट होते ना, बोटं अजून आपली आपण धावतात. हे चष्मा कपाळावर चढवून टॅबलेटवरचं वाचून सांगायचे, "डॅश, धाकटा एल, मग जागा सोड" — आणि मी खडखडखड! आता गंमत ऐका. त्याने पासवर्ड मागितला. मी दाबतेय, दाबतेय, पडद्यावर काही उमटेचना, साधं टिंबसुद्धा नाही. हे म्हणाले, कीबोर्ड गेला. नवा आणला. तोही तसाच! मग शेजारणीचा मागून आणला, तोही तसाच! हे म्हणाले, सगळ्या गावाचे कीबोर्ड एकदम कसे मेले? मी वैतागून तसाच आंधळेपणाने पासवर्ड मारला आणि एंटर ठोकला — तर घेतला की मेल्याने! त्याची रीतच ती, पासवर्ड लिहिताना दाखवायचाच नाही. तुम्हाला माहीत असणार म्हणा. आम्ही एवढे हसलो, एवढे हसलो की ह्यांना उचकी लागली.

आणि तो दुसरा शब्द — सुडो! नुसतं सांगितलं तर म्हणतं, तुम्हाला परवानगी नाही. तोच हुकूम पुढे सुडो लावून द्या, निमूट ऐकतं. मी ह्यांना म्हटलं, हा शब्द मला लग्नाआधी कुणी शिकवला का नाही? तेव्हापासून ह्यांना तहान लागली की म्हणतात, "सुडो पाणी." आणि मी उठून देते हो, ह्या वयात, खिदळत देते.

नाही तर आधी काय होतं घरात? रिटायर झाले आणि हे त्या सोफ्याच्या कोपऱ्यात जे बसले ते बसलेच. भांडण नाही, तंटा नाही — भांडण असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं. "जेवायचं?" "हं." "दिवा मालवू?" "हं." टीव्ही बोलायचा, हे ऐकायचे, आणि मी आपली ह्यांच्या कानाकडे बघत बसायची. एकदा मला वाटलं, मी घरातून निघून गेले तर ह्यांना जेवायच्या वेळेपर्यंत कळायचंसुद्धा नाही. — अय्या, हे मी तुम्हाला कशाला सांगतेय? तुम्ही तुमचं काम करा.

तर डबा सुरू झाला, सिनेमा लागला, चित्र कसं स्वच्छ, आणि आवाज नाही! हे चिडतील असं मला वाटलं. तर नायकाने तोंड उघडलं आणि सोफ्यावरून हेच बोलले, जाड आवाज काढून, "बाई, माझा चष्मा कुठे ठेवलास?" मी नायिका झाले, म्हटलं, "तुमच्या कपाळावर!" बस्स, तेव्हापासून रोज संध्याकाळी आमचा हाच उद्योग. आवाज येईना म्हणून दिवसभर वायरी बदलायच्या, आणि संध्याकाळी मुका सिनेमा लावून आपले संवाद म्हणायचे. खलनायक मीच करते, मला छान जमतो. काल नायिका धाय मोकलून रडत होती आणि हे तिच्या बापाचं बोलले, "पोरी, रडणं नंतर, आधी गॅस बंद केलास का बघ!" शेजारीण दार वाजवून विचारून गेली, सगळं ठीक आहे ना म्हणून.

अहो, हे काय उघडलंत? ती काळी खिडकी — नको हो, तिथे नको, ते आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्यांचं काहीतरी आहे, तिथे काही नसेल, वायरीच बघा ना तुम्ही... दिसलं? लगेच दिसलं? तुम्ही लोक म्हणजे ना. खाली एम एम लिहिलंय, म्हणजे तोंड बंद, एम दाबलं की उघडतं — माहितीय मला. माहितीय म्हणजे... आता काय लपवायचं! परवा दुपारी हे डुलकी काढत होते, मी एकटीच बसले, त्या शेवटच्या पट्टीवर गेले, एम दाबलं, आणि आवाज आला! केवढा खणखणीत! मी घाबरून टीव्हीवर उशीच दाबली. हाक मारणार होते हो ह्यांना, तोंडही उघडलं होतं. पण तेवढ्यात सोफ्याच्या त्या कोपऱ्याकडे नजर गेली. म्हटलं, हे उठतील, "वा" म्हणतील, कोपऱ्यात बसतील — टीव्ही बोलेल आणि हे गप्प होतील. परत सगळं "हं." परत एम दाबलं मी. मुकाट्याने जाऊन भांडी घासली. म्हणून सांगते, राहू द्या ते तसंच, लेकीला सांगा —

काय म्हणालात? दोन? छे, दोन पट्ट्या बंद कशा असतील? मी एकच बंद केली, ती शेवटची. परवा तेवढी उघडल्याबरोबर तर आवाज आला होता! ही पहिली, सगळ्यात मोठी, मास्टर की काय, हिला मी बोटसुद्धा लावलं नाही, आईशप्पथ. आपोआप होते का? नाही? कुणीतरी दाबावंच लागतं? अहो, पण घरात माणसं दोनच, आणि त्यातली एक मी —

अगं बाई!

म्हणजे ह्यांनाही सापडलं? ह्यांना माहितीय, आणि तरी सकाळी कपाळाला आठ्या घालून, "वायरच खराब असणार, दुसरी बघतो" म्हणत पिशवी घेऊन गेले? वायरी आणून आणून कपाट भरलं आमचं! काय लबाड माणूस, काय लबाड — नाही हो, रडत नाहीये, हसतेय, तुम्ही बघू नका इकडे. थांबा, जिन्यात पावलं वाजली का? हेच! उठा, उठा भाऊ, बंद करा ती खिडकी, दोन्ही पट्ट्या आहेत तशाच बंद असू द्या, पेचकस घ्या तुमचा, निघा. आणि जिन्यात भेटले तर तोंड पाडून सांगा, फार अवघड दुखणं आहे म्हणावं, आम्हाला नाही जमलं, तुमचं तुम्हीच बघत राहा. जा!