तुळशीराम वायरमनचं भाषण

मंडळी, ऐका! बुवा, मृदंग जरा खाली ठेवा, हात दुखले असतील. पुढं जाण्याआधी एक प्रश्न विचारतो. सोपा आहे. माणसाला बोलायला कोण शिकवतं?

आई? बरोबर! त्या माउलीनं पटकन सांगितलं. शाळा? हां, गुरुजी बसलेत समोर, त्यांची मान हलली. पुढाऱ्याला विचारलं तर तो म्हणेल — माइक! हसू नका, ते मागं खांबाला टेकून बसलेत. पण मी त्या बोलण्याचं विचारतच नाही. पाणी दे, भूक लागली, माझी चप्पल कुठंय — एवढं तर आपण सगळेच शिकलो. मी विचारतोय, आपल्याच माणसाबद्दल चारचौघांत उभं राहून दोन शब्द खरे बोलायचे असतील, तर ते कुठं शिकायचं? त्याचं कॉलेज कुठंय?

आहे! कॉलेज आहे! आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्या कॉलेजात नाव घातलेला एक विद्यार्थी होता. आज त्याचंच आख्यान.

तुळशीराम खैरनार. तालुक्याच्या गावचा वायरमन. तेहतीस वर्षं खांबावर चढला. वारं सुटो, फांदी तारेवर पडो, लाइट गेली की अख्खं गाव एकाच नावानं शिव्या घालायचं — तुळशीराम! आणि लाइट आली की? तेव्हा त्याचं नाव कोण घेणार! आपण देवालाही तसंच वागवतो, पण ते राहू द्या आज.

माणूस सज्जन. विडी नाही, तंबाखू नाही. पण अबोल! दिवसाचे मोजून वीस शब्द. त्यातले बारा ऑफिसात संपायचे, उरलेले आठ बायकोच्या वाट्याला. आणि बायको कशी? वत्सलाबाई! बोलकी म्हणजे किती बोलकी! हा उंबऱ्यात पाऊल टाकतोय तोवर तिकडून सुरू — "अहो, ऐकलंत का, मालनच्या म्हशीला रेडकू झालं! अहो, जयूचा फोन आला होता! अहो, त्या कोपऱ्यावरच्या म्हातारीनं आज काय केलं ठाऊक आहे?" आणि हा बूट काढता काढता काय म्हणायचा? "डोकं उठवू नको."

छत्तीस वर्षं, मंडळी! छत्तीस वर्षं हेच. तुळशीराम रिटायर झाला, तरी पुढची तीन वर्षंही तेच, आणि मग तापाचं निमित्त होऊन वत्सलाबाई चार दिवसांत गेली. डोकं उठवणारं कुणी उरलं नाही.

दशक्रियेला नदीवर गाव लोटलं. तुम्हाला आपली पद्धत ठाऊकच आहे — काकस्पर्श झाला की भाषणं! एक पुढारी उठले, त्यांनी गटारीच्या कामाचं सांगितलं. दुसरे उठले, त्यांनी ती गटार अर्धीच झाल्याचं सांगितलं. बिचाऱ्या वत्सलाबाईचं नाव दोघांनीही एकेकदा घेतलं, तेही दुसऱ्यानं चुकीचं घेतलं! शेवटी माइक आला तुळशीरामच्या हातात. "तात्या, दोन शब्द बोला."

तुळशीराम उभा राहिला. समोर सगळं गाव, मुलगी जयश्री, जावई, माहेरची माणसं. त्यानं तोंड उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. आणि म्हणाला — "सगळ्यांनी जेवून जा."

आणि खाली बसला! मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू त्याच्या कानात बसलं ते बसलंच. छत्तीस वर्षांच्या संसाराचा हिशेब काय? तर जेवून जा! त्याच दिवशी नदीवरून परत येताना त्यानं मनाशी ठरवलं — वर्षश्राद्धाला मी बोलणार. तिच्याबद्दल बोलणार. नीट बोलणार.

मुलगी तेराव्यानंतर सासरी गेली. घर मोठं झालं, मंडळी. खोल्या दोनच, पण मोठं झालं. सकाळी उठायचं, स्वतःच चहा करायचा, स्वतःच प्यायचा. टीव्ही दिवसभर चालू, काय चाललंय ते बघायचं नाही. गॅसचा नंबर लावायला फोन करायचा ना, तर तिकडून ती रेकॉर्ड केलेली बाई बोलते — मराठीसाठी एक दाबा, बुकिंगसाठी दोन दाबा. हा माणूस काहीच दाबायचा नाही! ती बाई पुन्हा पहिल्यापासून सांगायची आणि हा ऐकत उभा राहायचा. का? घरात कुणीतरी बाईमाणूस बोलतंय म्हणून! हसलात? मलाही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं होतं.

तर एक दिवस त्याला कॉलेजच्या फाटकावर फलक दिसला. पहिल्या वर्षाला नवा विषय — भाषणकौशल्य. तुळशीराम बारावी पास. गेला सरळ ऑफिसात. क्लार्क म्हणाला, "नातवाचं ॲडमिशन का, बाबा?" हा म्हणाला, "माझं."

वर्गात सगळी अठरा-अठरा वर्षांची पोरं. हा पहिल्या बाकावर, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. शिकवायला देवरे मॅडम, वय असेल एकोणतीस. त्या वर्गात यायच्या आधी पोरं उठून यालाच "गुड मॉर्निंग सर" म्हणाली! पहिल्या दिवशी नुसतं पुढं येऊन नाव सांगायचं होतं. अकरा केव्हीच्या लाइनवर वाऱ्यात उभा राहिलेला माणूस, मंडळी, आणि फळ्यापुढच्या चार इंच उंचीच्या फळीवर त्याचे पाय लटलट कापायला लागले! नाव सांगितलं, गाव सांगायचं विसरला.

मॅडम बाई कडक होत्या, पण समजूतदार. त्यांनी पहिलं काम दिलं — "आपल्या जवळच्या एका माणसाची ओळख करून द्या. तीन मिनिटं. पण वर्गात येण्याआधी ते भाषण दोन माणसांना ऐकवायचं, त्या माणसाला ओळखणाऱ्या दोघांना. आणि त्यांची कागदावर सही आणायची. सही नसेल तर भाषण नाही."

पोरांना काय! आईची सही, आजीची सही, झालं काम. तुळशीराम मात्र कागद हातात धरून बसला. घरात ऐकणार कोण? भिंती सही करत नाहीत. पण भाषण त्यानं लिहिलं. आठ दिवस लिहिलं! आणि कागद घेऊन गेला शेजारी, मालनबाईच्या ओट्यावर.

मालनबाई शेंगा फोडत बसलेली. "काय हो भाऊजी, आज वाट चुकलात?" तीस वर्षांत हा तिच्या ओट्यावर पहिल्यांदाच चढत होता! यानं घसा साफ केला आणि सुरू केलं — "माझी पत्नी कैलासवासी वत्सला ही अत्यंत प्रेमळ, कष्टाळू, सुगरण व धार्मिक वृत्तीची होती. ती सदैव आनंदी असे. तिला कशाचीही भीती वाटत नसे..."

मालनबाईचा हात थांबला. "भाऊजी, ही कोण बाई?"

"म्हणजे? वत्सला."

"नाही हो! ही आमची अक्का नाही. ही कुणाचीही बायको असंल. भीती वाटत नसे? अक्काला? अहो, तुम्हाला खरंच ठाऊक नाही?"

"काय ठाऊक नाही?"

मालनबाईनं सूप बाजूला सारलं. "लाइट गेली ना, की अक्का इथं, या ओट्यावर येऊन बसायची. तुम्ही आता बसलात ना, तिथंच. गल्लीतल्या बाया तुम्हाला शिव्या द्यायच्या आणि अक्का गप्प. एक अक्षर नाही! नुसता माझा हात धरून बसायची. गारठलेला हात! एकदा वारं फार होतं, तेव्हा तिची नखं रुतली होती माझ्या मनगटात. आणि बल्ब लागला की उठायची. म्हणायची, 'मालन, उतरले गं खाली.' मग पदरानं तोंड पुसायची आणि घरी पळायची, तुम्ही यायच्या आत."

आलं का ध्यानात, मंडळी? लाइन चालू झाली म्हणजे वायरमन खांबावरून खाली आलाय! गावाला वाटायचं लाइट आली. त्या माउलीला कळायचं नवरा आला!

तुळशीराम म्हणाला, "पण मी घरी गेलो की तिची नुसती बडबड..."

"मग! दोन-दोन तास दातखिळी बसलेली असायची बाईची. तुम्ही समोर धडधाकट दिसलात की सुटायची ती. तुम्हाला ती म्हशीचं सांगत होती असं वाटलं होय?"

तुळशीरामनं कागद पुढं केला. "सही?"

"नाही करायची. खरं लिहून आणा, मग करते."

दुसरी सही घ्यायला तो गेला रशीदभाईच्या गिरणीत. वत्सलाबाईचं दळण कायम तिथंच. रशीदभाईनं चालती चक्की बंद केली — ऐकू यावं म्हणून. बाया डबे घेऊन उभ्या होत्या, त्यांना म्हणाला, "थांबा जरा." भाषण ऐकलं. पिठानं भरलेल्या भुवया वर केल्या. "तुळशीरामभाऊ, सगळं ठीक आहे. पण भाभी नक्कल करायच्या, ते कुठं लिहिलंय?"

"नक्कल? कुणाची?"

"तुमची!"

आणि रशीदभाईनं करून दाखवली, मंडळी! खांद्यावर दोराचं वेटोळं असल्यासारखा तिरका चालत आला, धपकन पोत्यावर बसला, एक बूट काढला, आणि खर्जात म्हणाला — "डोकं उठवू नको!" डबे घेऊन उभ्या असलेल्या बाया खो खो हसल्या. त्यांनी ही नक्कल शंभरदा पाहिली होती. "आणि सगळ्या हसल्या ना भाऊ, की भाभीच डोळे वटारायच्या. म्हणायच्या, 'पुरे गं! माझा माणूस वर तारेत हात घालतो. त्याला दमायला होणार नाही का?'"

तुळशीरामही हसला. दहा महिन्यांत पहिल्यांदा हसला. आणि हसता हसता त्याला जाणवलं की अशी गमतीची बायको आपल्या घरात राहत होती आणि तिची गंमत गिरणीतल्या बायांना माहीत होती. हसू तिथंच थांबलं. रशीदभाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याच्या पांढऱ्या शर्टावर पिठाचा पंजा उमटला.

मुलीला फोन केला — "जयू, तुझ्या आईला काय आवडायचं गं?" तिकडून ती म्हणाली, "बाबा, हे तुम्ही आधी विचारायला हवं होतं. मला नाही. तिला."

आता सांगा, अशा माणसानं वर्गात काय बोलावं? त्याचा नंबर आला. तो फळीवर चढला. यावेळी पाय कापले नाहीत. म्हणाला, "मॅडम, माझ्याकडं सह्या नाहीत. मी लिहिलं ते खोटं होतं. मी मुद्दाम खोटं लिहिलं नाही. मला माहीतच नव्हतं." मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काका, आज तुम्हाला मार्क देता येणार नाहीत. नियम आहे. पण या वर्गात ऐकून आलेले तुम्ही एकटेच आहात. बाकीच्यांनी नुसत्या सह्या आणल्यात."

वर्षश्राद्धाचा दिवस. मंडप. तेच गाव, तीच माणसं, मघाशीच सांगितलेले ते पुढारीही. ते उठायच्या आत तुळशीरामनंच माइक घेतला. कागद नव्हता हातात.

"छत्तीस वर्षं ही बाई माझ्याशी बोलत होती," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही. आज सांगणार आहे ते मला तिच्या मैत्रिणीनं आणि गिरणीवाल्यानं सांगितलंय. माझं स्वतःचं यात काही नाही."

मग सांगितलं त्यानं. ओटा सांगितला, गार हात सांगितला, नखं सांगितली. नक्कल करून दाखवली, स्वतःची! लोक हसले, त्यानं हसू दिलं. आणि मग म्हणाला, "गावात लाइट आली की तुम्ही टीव्ही लावायचात. हिला कळायचं मी जिवंत आहे. एवढी मोठी बातमी तिला बल्बनं सांगितली, मी कधीच सांगितली नाही. घरी येऊन म्हणता आलं असतं, वत्सला, आलो गं, सुखरूप आहे. तेवढं म्हणायला कुठलं कॉलेज लागत होतं?"

बसला खाली. मालनबाई तोंडात पदर कोंबून रडत होती.

तुम्हाला वाटेल, चला, बोलला एकदाचा, मन मोकळं झालं. मलाही तसंच वाटलं होतं. मी त्या दिवशी तिथं प्रवचनाला होतो. जाताना विचारलं, "तात्या, हलकं वाटतंय का आता?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "नाही महाराज. घर जास्तच रिकामं झालं. आधी नुसती बायको गेली होती. आता कोण गेलं ते कळलं."

मंडळी! माणसाला बोलायला कोण शिकवतं? कान शिकवतो! ज्यानं ऐकलंच नाही त्याच्या तोंडून प्रेमळ, कष्टाळू आणि सुगरण एवढंच निघतं. ते शब्द कुणालाही चिकटतात. तुम्ही इथं पुरुष या बाजूला बसलात, बाया त्या बाजूला. तास झाला, मला ऐकताय. फुकटची शांतता! हीच शांतता घरच्या माणसाला कधी दिलीत? ती काही सांगायला लागली की तुमचा हात रिमोटकडं जातो की नाही? खरं सांगा! आणि माउल्यांनो, तुम्हीही हसू नका. घरातली सून, परत आलेली पोर, कोपऱ्यातला सासरा — यांचं ऐकलंय का कधी शेवटपर्यंत?

तेव्हा आज मोठ्यानं जयजयकार नको. टाळ पिशवीत ठेवा, देवाला मनातल्या मनात नमस्कार करा. प्रसाद घ्या आणि घरी चालत जा. दहा पावलं पुढं नाही, बरोबरीनं चाला. आणि तिला विचारा, तुझा दिवस कसा गेला? मग गप्प बसा. म्हशीचं सांगू लागली तरी गप्प बसा.

मीही निघतो. गावोगाव तोंड वाजवत हिंडताना मला तीस वर्षं झाली. घरी माझीही बायको आहे. ती कशाला घाबरते, ते तुम्ही विचारलंत तर मला सांगता येणार नाही.