मंगळ एक घर खाली

नाही, मला सांगा, मुलीच्या पत्रिकेत तिसऱ्या घरात सत्तावीस वर्षं गुपचूप बसलेला मंगळ, समोरच्याने ब्राउझर बदलला म्हणून चौथ्या घरात जाऊन बसतो? बसू शकतो? आमच्याकडे बसला! आणि चौथ्यात मंगळ म्हणजे काय, ते लग्नाची मुलगी घरात असलेल्या बापाला विचारा…

तुम्हाला सांगतो, चूक माझीच. सरळ कागदावर बायोडेटा द्यायचा ना? पण आमचा पुतण्या पराग स्टेशनजवळच्या क्लासात वेबसाइट शिकलेला. म्हणाला, काका, दोन हजार सहा चालू आहे, कागद कोण बघतो, इशिताचं पानच बनवतो! बनवलं. वर फोटो, खाली पत्रिका, मागे गुलाब पडतायत… पडतायत… थांबतच नाहीत! आमच्या कंप्युटरवरच्या निळ्या ई-च्या ब्राउझरवर उघडलं, फर्स्टक्लास. आमच्याकडे तर बरोबर दिसतंय!

पाठवलं ठाण्याच्या सुभाषरावांना, त्यांच्या नीरजसाठी. आता हे स्थळ साधं नव्हे हो. अकरा मुलांना नाही म्हणालेली माझी पोर याचा फोटो बघून म्हणाली, "बघू या." या दोन शब्दांसाठी मी तीन वर्षं थांबलो होतो.

दुसऱ्या दिवशी सुभाषरावांचा फोन. "अहो, मुलीला मंगळ दिसतोय, तुम्ही काही बोलला नाहीत…" पुढे बोलू दिलं मी त्यांना? छे! म्हटलं, अहो कसला मंगळ, आमच्याकडे तर बरोबर दिसतंय! आठ दिवस द्या, पुसून देतो… आणि फोन ठेवला.

इशिताने ऑफिसात बघितलं. तिथे तो कोल्हावाला, फायरफॉक्स. त्यात पत्रिकेची चौकट जागच्या जागी आणि मंगळ घसरून एक घर खाली! रात्री मला समजावत होती, "बाबा, पान कसं लिहायचं याचे नियम ठरलेत जगभर. परागने ते पाळलेच नाहीत. निळा ई सांभाळून घेतो, कोल्हा घेत नाही." म्हटलं, हां, म्हणजे आमच्या इंद्रलोक सोसायटीसारखं! प्लॅन एकच पास झालाय, पण तळमजल्याने गॅलरी आत घेतली, दुसऱ्याने ग्रिल बाहेर काढली, आणि तिसऱ्यावाला म्हणतो, आमच्याकडे तर बरोबर दिसतंय!

परागचं काय? खांदे उडवून म्हणतो, काका, सगळी दुनिया निळा ई वापरते, कोल्ह्याला कोण विचारतो? खाली एक ओळ टाकू, हे पान निळ्या ई-मध्येच बघावं. अरे गाढवा, मुलगी आमची, स्थळ त्यांचं, आणि वर आपणच अट घालायची? शेजारच्या हंसाबेनपण म्हणाल्या, "भाईसाब, कंप्यूटर को छोडो, शांति करवा लो." कुणाची शांत करू, मंगळाची की परागची?

शेवटी बसवला त्याला. आठ दिवस! गुलाब काढले, चौकट नव्याने आखली, एकेक ग्रह नियमाने बसवला. निळ्या ई-मध्ये बघितलं, तिसऱ्यात. कोल्ह्यात बघितलं, तिसऱ्यात. सायबर कॅफेत जाऊन आणखी एका कुठल्याशा ब्राउझरमध्ये बघितलं, तिथेही तिसऱ्यात! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. पेढेच आणायचे बाकी होते.

लावला फोन. म्हटलं, सुभाषराव, आता कशातही उघडा, आमच्या मुलीला मंगळ नाही म्हणजे नाही!

सुभाषराव हळूच म्हणाले, "अहो, त्या दिवशी तेच सांगत होतो. आमच्या नीरजला कडक मंगळ आहे. दोघांना असला की दोष उरत नाही. आम्ही खूश होतो… आता आमची ही काही ऐकायची नाही."

इशिता समोरच उभी होती. ती आत गेली. पराग मात्र उत्साहात, काका, परत एक घर खाली सरकवू? चप्पल उचलली तसा पळाला!

आता पान तसंच आहे तिकडे. एकदम नियमात. कुठेही उघडा, कशातही उघडा… आता सगळ्यांकडेच बरोबर दिसतंय!