न आलेल्यांच्या सुपाऱ्या

…आणि कळवायची पद्धत तरी बघा ना. खेळ रविवारी चारला, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं, आणि तीन पंचावन्नला गणराजचा मेसेज, "कल्पे, पानी बरा हाय, निघालो." संपलं. आता गणराज म्हणजे आमच्या गोष्टीतला राक्षस, कातळ त्याचं नाव, सात फूट उंच, आणि आदल्या रविवारी आम्ही त्याला कुठं सोडलंय, तर गुहेच्या तोंडाशी, खांद्यावर दगडी दरवाजा तोलून उभा. त्यानं सोडला की बाकीचे तिघे आत चिरडणार. आणि खरा गणराज होडीवर, जाळी टाकतोय, वर ढग बघत गाणं म्हणत असेल. मग दरवाजा कोणी धरायचा? मला सांगा, जो आलाच नाही त्याचं करायचं काय?

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते. मी दिवेआगरची. बारावीनंतर बाहेर पडले, आधी बंगळुरू, मग ग्लासगो, आणि सहा वर्षांनी परत आले तेव्हा माझ्याकडे एक पदवी होती आणि कापडी पिशवीत एकवीस फासे. तिकडे बाकीची मुलं नोकऱ्या शोधत होती, मला हा खेळ सापडला. सोपा आहे हो. चार-पाच माणसं एका टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. "समोर नदी आहे, काय करता?" "उडी मारतो." मग वीस तोंडांचा फासा टाकायचा, मोठा आकडा आला तर पलीकडे, लहान आला तर पाण्यात. बस. ना फोन, ना पडदा. बाहेर तिथला तो कधी न संपणारा पाऊस, आत पाच माणसं, आणि चार तास सगळ्यांना एकच स्वप्न पडतंय. मी तेव्हाच ठरवलं, हे आपल्याकडे न्यायचं. आपल्याकडे माणसं एका घरात चार फोनांवर चार वेगळी स्वप्नं बघतायत, त्यांना एका ओटीवर आणायचं. हसू नका. मी खरंच असं ठरवलं होतं, विमानात, वहीत लिहून.

आणि गोष्टही ठरवली होती. ते वादळ आलं ना, दोन हजार वीसचं, त्यात आमच्याकडच्या नारळी-पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. मी इथं नव्हते. मी बंगळुरूच्या खोलीत बंद, आणि आईनं तीन दिवसांनी फोन लागल्यावर कॅमेरा वाडीकडे फिरवला तर मला आधी कळेचना की मी काय बघतेय, कारण वाडीतून समुद्र दिसत होता. आमच्या वाडीतून समुद्र कधी दिसलाच नव्हता. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक बेट आहे. पडलेली झाडं जिथं गेली ते बेट. समुद्रात तरंगतं, एका जागी राहत नाही, धुक्यातून एखाद्या संध्याकाळी किनाऱ्याजवळ येतं आणि सुपारीच्या फुलोऱ्याचा वास आला की समजायचं, जवळ आहे. तर आमच्या चौघांनी ते बेट शोधायचं, ही गोष्ट. आणि चौघांनी मिळून तिथं पाऊल ठेवायचं. एकत्र. मला बाकी काही नको होतं हो.

चौघं कोण, तर एक गणराज, सांगितलं. दुसरी साक्षी, माझी शाळेतली मैत्रीण, ती घरात पैसे घेऊन पर्यटक पाहुणे ठेवते. ती गोष्टीत जादूगारीण. तिसरा मितेश, तिचा मावसभाऊ, उरणला बंदरावर ट्रेलर चालवतो, गोष्टीत चोर. आणि चौथ्या नीराकाकू. खेळ त्यांच्या ओटीवर चालतो. त्या आम्हाला हाकलायला आल्या होत्या. "काय जुगार मांडलाय माझ्या ओटीवर?" मी समजावून सांगितलं. त्या उभ्या राहूनच ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मंजे तो दार धरून उभा हाय आनि तुमी नुसत्या गप्पा मारताय? व्हा बाजूला," आणि बसल्या. त्यांना म्हटलं, काकू, तुम्ही कोण होणार, परी, योद्धा, चेटकीण? "मी नीरा. माझ्याकडं कोयता हाय." दुसरं काही व्हायला तयारच नाहीत. आजतागायत त्या गोष्टीतसुद्धा नीराच आहेत, आणि त्यांच्याकडे कोयता आहे.

तर चौघं एका वेळी यायचे, असं तुम्हाला वाटलं ना? मलाही वाटलं होतं. उधाण असलं, म्हणजे पाण्याला ओढ आली, की गणराज समुद्रात. शनिवारी पाहुणे आले की रविवारी साक्षी मोदकांत. आणि मितेशचा फोन, मागे हॉर्न, "कल्पे यार, गेटवर लाइन लागलीय, तीन घंटे झाले, एक गाडी हलत नाय, तू टेन्शन नको घेऊ, माझ्या चोराला बोल कुठंतरी लपून बस." कुठं लपून बस? भर समुद्रात तराफ्यावर आहेत सगळे! जो आलाच नाही त्याचं करायचं काय?

सगळे उपाय केले. आधी म्हटलं, जो आला नाही त्याचं पात्र झोपलंय. साक्षी म्हणाली, "झोपू दे, पण या सात फुटाच्या बाबाला उचलून नेणार कोण? मी? माझी जादूगारीण चाळीस किलोची आहे." मग म्हटलं, न आलेल्याचं पात्र मी चालवते. मितेशनं पुढच्या खेपेला विचारलं, "मी काय बोललो?" मी सांगितलं, तू म्हणालास, मित्रांनो, धीर सोडू नका. तो माझ्याकडे बघतच राहिला. "मी असा बोलीन? मित्रांनो?" मग म्हटलं, दुसऱ्या खेळाडूनं चालवायचं. गणराजचा कातळ दिला साक्षीकडे. गणराज दोन आठवड्यांनी परत आला तर त्याच्या राक्षसानं गुहा झाडून घेतली होती, ओल्या चादरी दोरीवर घातल्या होत्या आणि लढायला आलेल्या शत्रूला विचारलं होतं, जेवणार की नुसता चहा? गणराज? नुसता फासा हातात घेऊन बसला. दुखावला होता हो. मग मी धुकं आणलं. जो नाही तो धुक्यात गेला, आला की धुक्यातून बाहेर. किती सुंदर, नाही? नीराकाकू म्हणाल्या, "धुक्यात गेला मंजे? सांगून गेला का? त्याच्या आयशीला काय सांगायचं?"

आणि त्याच काकू त्या दिवशी उठल्या, आत गेल्या, आणि विड्याचं पान, मूठभर तांदूळ आणि एक सुपारी घेऊन आल्या. पान गणराजच्या जागी ठेवलं, त्यावर तांदूळ, तांदळावर सुपारी. "बायको माहेरी गेली तर नवरा पूजा करायचा राहतो का? तिच्या जागी सुपारी घेऊन बसतो ना? झाला गणराज."

तुम्हाला सांगते, मला रडू यायचं बाकी होतं. दुपार कलायला लागलेली, पोफळींतून उन्हाच्या पट्ट्या ओटीवर पडलेल्या, लांब समुद्राचा आवाज, आणि तांदळाच्या ढिगावर तो एवढासा गणराज. ग्लासगोच्या हुशार पोरांनी यावर पानंच्या पानं लिहिली होती, कुणाला हे सुचलं नव्हतं. मी वहीत नियम लिहिला. जो नाही, त्याची सुपारी.

तिथं चुकलं.

कारण पुढच्याच डावात समुद्रातून साप निघाला आणि मी फासा टाकला आणि म्हटलं, साप कातळवर झेपावतो. काकू म्हणाल्या, "कुनावर?" म्हटलं, कातळवर. "मांडलेल्या सुपारीवर साप सोडतेस?" साक्षीनं, इंग्रजी माध्यमात शिकलेल्या, पाहुण्यांना वायफायचा पासवर्ड सांगणाऱ्या साक्षीनं हळूच पाय मागे घेतले. मी म्हटलं, बरं, साप दुसरीकडे वळतो. तो साक्षीकडे वळला. साक्षी तीन आठवडे जखमी. आणि सुपारीला खरचटलंसुद्धा नाही. बरं, खाणं निघालं की पहिला घास सुपारीपुढे. खजिना सापडला की पहिला वाटा सुपारीचा. गणराज परत आला तर त्याच्या राक्षसाकडे सोन्याचं शिरस्त्राण, आणि जो जातीनं हजर राहून लढला त्याच्या हाताला फडकं.

माणसं काही वेडी नसतात हो. मितेशचा फोन, मागे या वेळी हॉर्न नाही, पंख्याचा आवाज. "कल्पे, आज मोठी लढाई आहे ना? मग माझी सुपारी ठेव." म्हटलं, तू कुठं आहेस? "घरीच आहे. सुपारी ठेव, सेफ वाटतं." साक्षीचंही तसंच, पाहुणे नसताना पाहुणे. आणि एका रविवारी काकूंनी आतूनच हाक मारली, "मला नारळ सोलायचेत, माझी बी मांड गं."

चार पानं, चार ढीग, चार सुपाऱ्या. आणि मी. जो आलाच नाही त्याचं करायचं काय, हे एका माणसाबद्दल विचारता येतं. चारही नसले तर कुणाबद्दल विचारायचं? मी उठून जायला हवं होतं. पण ते ऊन, तो आवाज… मी खेळले. चौघांचे फासे मीच टाकले, आणि तुम्ही विश्वास ठेवणार नाही, एकही लहान आकडा आला नाही. तराफा आपला आपण सरकत होता. धुकं बाजूला झालं. फुलोऱ्याचा वास… आता तो खरा वाडीतूनच येत होता की गोष्टीतून, सांगता येणार नाही. समोर बेट. उभी झाडं, ओळीनं, जशी होती तशी. आणि मी थांबले. चार सुपाऱ्यांना घेऊन मी तिथं पाऊल ठेवू? ज्यांची झाडं आहेत ती माणसं घरात नारळ सोलतायत आणि मी, जी तेव्हाही नव्हते, मी एकटी जाऊन बघून येऊ?

मग मी पोराटोरांसारखी भांडले सगळ्यांशी. एकच रविवार. सुपारी चालणार नाही. जातीनं यायचं. दिवस काढायलाच मला महिना लागला. भांगाचे दिवस, म्हणजे पाण्याला ओढ नाही, गणराज घरी. पितृपंधरवडा, म्हणजे साक्षीकडे पाहुणे नाहीत. मितेशनं रजा टाकली. काकू म्हणाल्या, "येते. कोयता बी आनते." खरा कोयता नको म्हणून पटवायला वेगळा अर्धा तास.

आणि मला सुख बोचलं. म्हटलं, बेट दाखवायचं तर नकाशा हवा, मोठा, रंगीत, ओटीवर अंथरता येईल असा. रात्ररात्र जागून काढला. पालीला एक जण कापडावर छापून देतो, शनिवारी देणार होता, रविवारी सकाळी दिला. नकाशा गुंडाळून एसटीत बसले. एसटी घाटात बंद पडली. कंडक्टर खाली उतरले, इंजिनाकडे बघितलं, म्हणाले, "ताई, दुसरी गाडी येईल." कधी? "येईल." फोनला रेंज नाही. चार वाजले. पाच वाजले. मी दरडीवर बसलेय, मांडीवर गुंडाळलेलं बेट, समोर ढग डोंगराला टेकलेले.

दिवेलागणीला पोचले. ओटीवर चौघं. चौघंही, जातीनं! माझी जागा मधली, आणि तिथं पान, तांदूळ आणि…

हो. माझी.

म्हटलं, थांबला होतात ना? गणराज म्हणाला, "थांबनार होतो. मग काकी बोलली, हिची मांडू." पण गोष्ट कोणी सांगितली? "सुपारीला कौल लावला," साक्षी म्हणाली, अगदी साधं असल्यासारखं. "आम्ही विचारायचं, फासा टाकायचा. सम आला तर हो, विषम आला तर नाही. बेटावर उतरू का? हो. तिथं माणसं आहेत का? नाही. झाडं तीच आहेत का?" इथं ती थांबली आणि काकूंकडे बघितलं.

काकूंचे डोळे सुजलेले. ज्या बाईनं वादळाबद्दल एक शब्द कधी कुणाशी काढला नव्हता, ती म्हणे एकेका झाडापाशी थांबली. हे सासऱ्यानं लावलेलं. ही वाकडी, हिच्यावर मनोहर चढायचा. मनोहर म्हणजे काका. ते वादळानंतरच्या वर्षी गेले. ही पडली तेव्हा गोठा वाचला. दोन तास. मितेश, गेटवरची लाइन सोडून ज्याला दुसरा विषय नाही, तो खाली मान घालून बसला होता. मी म्हटलं, काकू, मला पण सांगा ना. पुन्हा सांगा. मी नकाशा आणलाय.

काकूंनी डोळे पुसले. "तुला काय पुन्हा सांगायचं? तू होतीस की बसलेली." आणि पानाकडे बोट केलं. "इतकं ऐकून घेतलंस, मधी एकदा बी बोलली न्हाईस. एरवी तुझी किती बडबड."

आता हे ऐकून माणसानं काय करायचं? मी रागावू की रडू? मी नकाशा अंथरला. गणराज म्हणाला, "झकास हाय, पन बेट असा नाय. ह्या बाजूला वळन हाय." मी त्याला म्हटलं, तुला काय माहीत? "जाऊन आलो ना."

पुढच्या रविवारी मी चारच्या आधी हजर. माझ्या जागेवर ती सुपारी. म्हटलं, आता मी आलेय, उचला हिला. काकू म्हणाल्या, "अशी कशी उचलू? हिच्यापुढं एवढं बोलले मी. ऱ्हाऊ दे." सगळ्यांना पटलं. मग मी पायरीवर बसते. नवीन खेळाडू. मला एक पात्र दिलंय, नावाडी, शिकाऊ.

आणि परवा मला ताप आला. मेसेज केला, येत नाही, सॉरी. साक्षीचं उत्तर आलं, काळजी करू नको, तुझी मांडलीय पायरीवर. म्हणजे आता काकूंच्या ओटीवर माझ्या दोन सुपाऱ्या आहेत, एक गोष्ट सांगते आणि एक वल्हवते, आणि मी घरात गोधडीत. संध्याकाळी आईला विचारायला पाठवलं, कसा झाला खेळ? आई येऊन म्हणाली, छान झाला, दोघींचं चांगलं जमतं म्हणे.