दिलगिरी आहे, पण कुणाला?

बोला, राम कृष्ण हरी! ... हं! हा काय आवाज? जेवून आलात ना घरून? मग! पुन्हा — राम कृष्ण हरी! आता कसं!

मंडळी, ऐका. आजचा प्रश्न अगदी साधा आहे. माणूस चुकतो. देवानंच तसा घडवलाय, त्याला इलाज नाही. चुकला की माफी मागतो. तेही ठीक. पण मागितलेली माफी समोरच्यापर्यंत पोचत का नाही? वाटेत कुठं अडकते? सांगा पाहू! ... नाही येत? मग बसा निवांत.

आत येताना दाराजवळचा फळा वाचलात? देवळाची व्यवस्था बघणाऱ्या आपल्या नानासाहेबांनी लिहिलाय, अक्षर कसं मोत्यासारखं! 'काल कीर्तनानंतर पादत्राणांची अदलाबदल झाली.' आणि खाली खास इंग्रजीत — 'इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज रिग्रेटेड!' म्हणजे, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी आहे. आहे हो, पण कुणाला आहे? नानासाहेबांना? चपला नेणाऱ्याला? का फळ्याला? ते काही लिहिलेलं नाही. असो. चपलांचं शेवटी बघू. मला त्या विषयात जरा जास्तच रस आहे.

हे वाक्य मोठं गुणी हो! रस्ता खणला — लावा पाटी. नळाला पाणी नाही — लावा पाटी. बँकेत यंत्र बंद — आहेच पाटी! लिहिणारा सुटला, वाचणारा गप्प बसला. आणि याच वाक्यानं एका माणसाच्या पोरीचं लग्न मोडायला आणलं होतं. खोटं वाटतं? ऐका तर.

एक होते वामनराव टेंबूकर. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत हेडक्लार्क. नोकरीला लागले तेव्हा साहेबानं कानात मंत्र दिला, "टेंबूकर, कागदावर काम दिसावं, माणूस दिसू नये!" झालं! वामनरावांनी तो मंत्र असा जपला, असा जपला, की तुम्ही-आम्ही रामनामसुद्धा तसं जपत नाही. फाईल हरवली, की हे लिहिणार, 'फाईल इज नॉट ट्रेसेबल.' हरवली कुणी? छे! हरवायला कोण बसलंय! फाईलच आपली उठली आणि माहेरी गेली!

निवृत्त झाले, पण हात काही निवृत्त होईना. एकदा मालतीबाई — म्हणजे यांची बायको — देवळात गेल्या होत्या. जाताना बजावून गेल्या, "अहो, दुधाकडे बघा हं." आल्या तर शेगडीवर समुद्रमंथन! आणि ओट्यावर चिठ्ठी, 'मिल्क हॅज बॉइल्ड ओव्हर. इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज रिग्रेटेड.'

मालतीबाई म्हणाल्या, "दूध उतू गेलेलं मला दिसतंय. लक्ष कुणाचं नव्हतं?"

वामनरावांनी बोट केलं. कुणाकडे? चिठ्ठीकडे!

हसताय? हसा, हसा. तुमच्या ओट्यावर चिठ्ठी नसते, एवढाच फरक!

तर, या वामनरावांची एकुलती एक लेक, वृंदा. गुणी पोर. तिचं लग्न ठरलं श्रीधर देवस्थळीशी. या श्रीधरचे वडील तो रांगत होता तेव्हाच गेले. मग आईनं काय केलं? रडत बसली? नाही! गोदावरीबाईंनी खाणावळ काढली. कॉलेजातल्या पोरांना पाट मांडले, पानं वाढली, खरकटी काढली, आणि त्या अन्नावर आपला श्रीधर इंजिनियर केला. बाई करारी. बोलणं असं, की पोळीवर तूप वाढतायत का चटका देतायत, ते पान पुढे आल्याशिवाय कळायचं नाही!

लग्नाची आदली संध्याकाळ. कार्यालयात सनई, रोषणाई, धांदल. आणि वामनराव काय सांगत फिरतायत? "कार्यालय मी पाहिलं. आचारी मी ठरवला. हा मांडव मी घालून घेतला!" बघा हं मंडळी, इथं 'मी' आहे बरं का! भरपूर आहे! पंगतीत मठ्ठा वाढावा तसा वाढतायत!

आता सीमांतपूजन. आपल्यात पद्धत काय? विहिणीला चौरंगावर बसवायचं, वधूच्या आईनं तिचे पाय धुवायचे, ओटी भरायची. मालतीबाई घंगाळ-तांब्या घेऊन तयार. चौरंगाभोवती रांगोळी. गोदावरीबाई इरकली नेसून आल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना पाट मांडले, आज आपल्यासाठी चौरंग मांडलाय! पोराचं लग्न आहे, मन भरून आलंय. आणि बसल्या न बसल्या, तेवढ्यात वामनराव गुरुजींच्या कानाला लागले, "नको हो. बाई विधवा. शुभकार्य आहे. लोक काय म्हणतील! चुलतसासूबाईंना बसवा."

भटजी गडबडले. नवऱ्या मुलाच्या काकूला पुढं केलं. काकू बिचारी "अगं बाई, मी कशी?" म्हणत होती, तिला धरून बसवली. आणि गोदावरीबाईंना कुणी तरी खुर्ची दिली. कुठं? भिंतीशी. पंख्याखाली. गादीवाल्यानं ठेवलेल्या लोडांच्या शेजारी!

बाई उठल्या, आणि वरपक्षाच्या खोलीत जाऊन बसल्या. श्रीधर मागोमाग गेला. बाहेर आला तो ताठ. म्हणाला, "आई म्हणते, लग्न होऊ दे, तिची ना नाही. पण ती मांडवात येणार नाही. आणि आई नसेल, तर मी अंतरपाटापाशी उभा राहणार नाही."

सनई थांबली. वृंदा तिकडं मेंदीचे हात तसेच धरून रडतेय. डोळे पुसायचीही चोरी! मालतीबाई म्हणाल्या, "अहो, जा! माफी मागा!"

गेले वामनराव. पण कुठं? टेबलापाशी! कार्यालयाच्या मॅनेजरकडून कागद घेतला. काय लिहिलं असेल? ... बोला ना, पाठ झालंय तुम्हाला! बरोब्बर! आणि लग्नाचं घर म्हणून 'रिग्रेटेड'च्या आधी 'डीपली' घातलं! पाकिटात घालून वर हळदकुंकू लावून पाठवलं!

गोदावरीबाईंनी पोराकडून वाचून घेतलं. अर्थ विचारला. मग म्हणाल्या, "छान आहे. दिलगिरी आहे म्हणतायत. मग तिला आत पाठवा ना, बाहेर का उभी केलीय?"

दामूअण्णा, पेटी! ... अहो, हा काय सूर? काय म्हणता? "सूर लागला नाही"? बघा मंडळी, पेटीवालेसुद्धा! सूर लागला नाही म्हणे! लावायचा कुणी होता, तबलजींनी?

तर वामनराव स्वतः गेले. दारात उभे. घसा खाकरला. "विहीणबाई, त्याचं असं... चूक झालेली आहे."

"कुणाकडून?"

"आमच्याकडून."

"आमच्या म्हणजे? तुमच्या बायकोकडून? ती तर तांब्या धरून उभी होती माझ्यासाठी."

"नाही, म्हणजे एकंदरीत... गैरसमज झाला."

बाई हसल्या. म्हणाल्या, "वामनराव, खाणावळीत पोरं ताटं फोडायची. विचारलं की म्हणायची, 'काकू, ताट फुटलं.' मी त्यांना दुसऱ्या दिवशी केळीच्या पानावर वाढायची. एखादा म्हणायचा, 'काकू, मी फोडलं.' त्याला मी नवीन ताटात वाढलं, वर तुपाची धार! ताटाचं काय एवढं? पण खरं बोलणारं पोर उपाशी राहू नये."

आता वामनराव हुशार! म्हणाले, "विहीणबाई, संतच सांगतात ना, 'मी' टाका! अहंकार नको, म्हणून मी 'मी' म्हणत नाही!"

अरे वा रे पठ्ठ्या! मंडळी, पाहिलंत? पळवाट शोधली तीही देवळातून! मांडव कुणी घातला? मी! आचारी कुणी आणला? मी! आणि चौरंगावरून बाईला उठवली कुणी? तेव्हा आला वैराग्याचा झटका!

म्हणा माझ्याबरोबर, सोपी चाल आहे —
मानाच्या पाटीं 'मी'पण सोडा ।
चुकीच्या पाटीं 'मी'लाच जोडा ॥

पुन्हा! ... वा!

तर वामनराव तसेच दारात उभे. तेवढ्यात मागून वृंदा आली. मेंदीचे हात पुढं धरलेले, डोळे लाल. म्हणाली, "बाबा, मी लहान असताना तुमची शाईची दौत सांडली होती. तुम्ही मला दोन्ही कान धरून 'मी सांडली' असं म्हणायला लावलं होतं. मी म्हटलं होतं ना?"

बास! एवढंच बोलली.

मंडळी, त्या क्षणी त्या माणसाची काय अवस्था झाली असेल! जन्मभर ज्या वाक्याच्या मागं लपला, ते वाक्य कुणी तरी पडद्यासारखं ओढून काढलं. मागं कोण? एक म्हातारा, भेदरलेला बाप! वामनरावांनी खरोखर दोन्ही कान धरले आणि म्हणाले, "विहीणबाई, मी चुकलो. तुम्हाला मी उठवलं. लोकांना भ्यालो. ज्या माउलीनं एकटीनं पोर वाढवलं, तिच्या पायांना पाणी घालायला मी आड आलो." आणि रडले हो! ढसाढसा रडले!

गोदावरीबाई उठल्या. पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, "कान सोडा आता, लाल झालेत. फोटोत वाईट दिसतील."

आणल्या मंडळींनी वाजतगाजत! काकूनं स्वतः हात धरून चौरंगावर बसवलं. मालतीबाईंनी तांब्या उचलला, तर वामनराव म्हणाले, "थांब. पाणी मी घालतो." पाण्याची धार पायांवर पडली, आणि गोदावरीबाई दचकल्या, "अगं बाई! पाणी किती गार झालंय हो!"

वामनराव ताडकन म्हणाले, "मी केलं! मीच उशीर लावला, मीच गार केलं!"

अख्खा मांडव हसला. गोदावरीबाई सगळ्यांत मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी लग्न थाटात लागलं, आणि पंगतीत विहीणबाईंनी स्वतः उठून व्याह्यांना वाढलं. कशात? नव्या ताटात. वर तुपाची धार!

तर मंडळी, माफी कुठं अडकते, कळलं? तिला चालायला पाय लागतात. ते पाय म्हणजे 'मी'. ते काढून घेतलेत, की ती बसली फळ्यावर! देवासमोर उभं राहून तुम्ही-आम्ही काय म्हणतो? "देवा, नामस्मरण राहून गेलं." राहून गेलं! "आईला फोन करायचा राहिला." राहिला! तो फोन काय स्वतः उठून लागणार होता? आज घरी जाल, तेव्हा ज्याच्यापाशी काही 'राहून गेलंय', 'तुटलंय', 'बोललं गेलंय', त्याच्यासमोर उभे राहा आणि तो एवढासा शब्द लावून वाक्य म्हणा. जीभ जड होईल. होऊ दे. तेवढं तुम्ही उचललंत, की पुढचं देव उचलतो.

आणि हो, चपलांचं राहिलं. ... चुकलो! मी राहू दिलं!

काल इथून जाताना माझ्या पायात दोन्ही डाव्या चपला आल्या. आज तशाच घालून आलोय, सगळा रस्ता एका बाजूला ओढत होता. याचा अर्थ इथं कुणापाशी तरी दोन्ही उजव्या आहेत. फळ्यावरची दिलगिरी मला पोचलीय, नानासाहेब. चप्पल पोचलेली नाही! आता आरती होईल. सगळे डोळे मिटतील, मीही मिटतो. ज्यानं नेली त्यानं माझ्या पायाशी यावं, आणि इंग्रजी नको, मराठीतच हळूच म्हणावं...

अहो नानासाहेब! उठलात कुठं? आरती व्हायचीय अजून! ... काय म्हणता? जरा मोठ्यानं, मागच्यांना ऐकू येत नाही!

ऐकलंत मंडळी? 'मी' म्हणाले! बोला, राम कृष्ण हरी!