लताकाकूंचा टायफॉइड

हसू नका, पण हा गुंता मला अजून सुटलेला नाही. अठ्ठ्याण्णव साली बंगळूरहून बायबल शिकून सातपूरला परतलो, ते शेजाऱ्यावर प्रेम करायचंच असं ठरवून. शेजारच्या लताकाकूंना टायफॉइड झाला, म्हणून मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करायला जायचो. मला बघितलं की त्या अंथरुणातून उठून चहाचं आधण ठेवायच्या.

"काकू, पडून राहा ना!"

"आल्यागेल्याला तसंच पाठवायचं का रे?"

चौथ्या दिवशी काकांनी मला बाहेर गाठलं.

"तू घरून प्रार्थना केलीस तर देवाला ऐकू येते ना?"

"येते की."

"मग घरूनच कर. तिला जरा पडू दे."

दुसऱ्या दिवशी गेलो नाही. संध्याकाळी काकूच भिंत धरत धरत आमच्या दारात उभ्या.

"आज आला नाहीस! बरं नाही का रे तुला?"