चाफ्याचा फोटो

— नाही मॅडम, तुम्ही समुपदेशक आहात, पण तसं नका विचारू. ‘तुमच्यापैकी कुणी लिहिलंय का?’ — हे नकोच. सगळ्या मुली लगेच चंदनाकडे बघतील. स्वल्प, थोडं बसा ना, पंखा लावते. इलेक्ट्रॉनिक सिटीहून राजाजीनगरला यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला तुमचा. मंडळातल्या मुली यायला दहा मिनिटं आहेत अजून. फोनवर सांगितलंच मी — माझी संहिता, सेकंड पीयूसीला, बारावीचं वर्ष. नाचाचे व्हिडिओ टाकायची, रोज एक! त्यावर कुणीतरी नाव न सांगता लिहिलं, ‘ब्लाउज दोनदा उसवून सैल केला, तरी मावत नाहीस. कशाला नाचतेस?’ झालं — खाली म्हैस काय, रोडरोलर काय, ज्याला जे सुचेल ते. दीड महिना घुंगरू कपाटात आहेत. एक चपाती खाते, तीही मोडून मोडून. आणि चंदनाशी बोलणं बंद — पहिलीपासूनची मैत्रीण हो! का? तर ब्लाउजचं तिलाच माहीत. टेलरकडे आम्ही तिघीच गेलो होतो ना.

हो, तिघी. संहिता, चंदना आणि — मी.

अशा बघू नका. शंभरदा सांगितलं तिला, परीक्षा होऊ दे, मग नाच. आईचं कोण ऐकतंय? म्हटलं, बाहेरच्यानं बोललं तर लागेल मनाला, महिनाभर फोन ठेवेल. नवीन खातं उघडलं, चाफ्याचा फोटो लावला — आमच्या दारातलाच, देवाला घालतो तो. ऑफिसात डबा खाता खाता लिहिलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आणि संध्याकाळी ती रडत आली ती माझ्याच कुशीत. मी काय केलं? केसांतून हात फिरवला, म्हटलं, असली माणसं मनानं घाण असतात गं, लक्ष नको देऊ. माझ्याच तोंडानं म्हटलं हो. लगेच जाऊन पुसलं सगळं — पण पोरांनी स्क्रीनशॉट काढून ठेवले होते.

तुम्हाला बोलवायचं मंडळात मीच सुचवलं. सगळे म्हणाले, आई असावी तर अशी. तुम्ही एवढंच करा — चंदनानं लिहिलं नाही, एवढं कळू दे त्यांना. कसं कळलं विचारलं तर… सांगा काहीतरी, तुम्ही शिकलेल्या. मी सांगू? मी सांगितलं तर ती परत माझ्याजवळ येईल का, ते आधी सांगा ना.

आल्या बघा. ती कोपऱ्यात एकटी बसली ती चंदना. आणि ही — ये गं संहिता. कॉफी नको? सरी, नको तर नको. नाही गं, रडत कुठेय, मॅडमशी बोलत होते. बस इथे. मॅडम, करा सुरू तुम्ही, मी बाहेर चपला लावून ठेवते — काय गं? हात सोड ना. काय?

आई शेजारी बसली तरच बोलेन म्हणतेय, मॅडम.